भाद्रपदातलं मातीचं डोकं

तुमच्या ओळखीतल्या किती बायका आजवर ‘पडल्या’ आहेत?

घाई करू नका, नीट आठवा. एक न्हाणीत घसरलेली असेल. एक दाराच्या चौकटीला धडकलेली. एखादीला म्हशीनं शिंग मारलेलं असेल. आमच्या भागात म्हशी उगाचच फार बदनाम आहेत. आणि या सगळ्या पडलेल्या बायकांना लागतं ते नेमकं तोंडावरच कसं, हे कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत होते आणि समोर नंदाताई बसली होती.

परत भाद्रपद आलाय. आमच्या गावात, अणदुरात, उडीद निघाला. ज्यांच्याकडं खळं नाही त्यांनी तो गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पसरलाय. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक जीप त्याला चिरडत जाते आणि शेंगा तडतड फुटतात. ज्यांना रस्त्यावर जागा मिळाली नाही त्या बायका अंगणात बसून मोगरीनं बडवतात. धप, धप, धप. सकाळी सुरू झालेला आवाज ऊन कलेपर्यंत थांबत नाही. लोक या महिन्याला सणांचा महिना म्हणतात. मी कान देऊन ऐकते तेव्हा मला तो बडवण्याचा महिना वाटतो. मार खाल्ल्याशिवाय दाणा बाहेर येत नाही, असं आमच्याकडं सहज म्हणतात. म्हणणारा दर वेळी दाण्याबद्दलच बोलत असतो असं नाही.

याच आवाजात, काही वर्षांमागच्या भाद्रपदात, मी माती बडवत होते.

मी तेव्हा संभाजीनगरला शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेसाठी एक डोकं करायचं होतं. जिवंत माणूस समोर बसवून, आयुष्याएवढं, हुबेहूब. गणपतीच्या सुट्टीसाठी आठवडाभर आधीच गावी आले ती तारा आणि हत्यारं घेऊनच. माती गावातल्या कुंभाराकडून मळलेली घेतली, कारण आमच्या रानातली काळी माती डोक्याला चालत नाही. ती ओली असताना फुगते आणि वाळताना इतकी तडकते की गालातून पलीकडचं दिसावं.

माणूस मातीतून घडतो, असं भाषणात बोलतात. बोलणाऱ्यानं ते कधी करून बघितलेलं नसतं. मातीचं डोकं गोंजारून होत नाही, मारून होतं. आधी माती आपटायची. तिच्यात हवा राहिली तर भट्टीत डोकं फुटतं, म्हणून गोळा डोक्याच्या वर उचलायचा आणि फरशीवर फेकायचा. तारेनं मधोमध चिरायचा. दोन्ही तुकडे एकमेकांवर आदळायचे आणि परत फेकायचा. मग पाटावर एक खुंटी उभी करायची आणि माती खाली घसरू नये म्हणून तिला तारेनं एक लाकडी फुली टांगायची. लांबून ते फासावर लटकवलेल्या बाहुलीसारखं दिसतं. तिच्याभोवती कागदाचे बोळे आवळून बांधायचे, आणि त्यावर माती थापत जायची. कवटी लाकडी थापीनं ठोकून गोल करायची. जबडा दोन्ही बाजूंनी चेचून बसवायचा. डोळे सुरुवातीला कोरत नाहीत. दोन्ही अंगठे एकदम खोबणीत घालून आत दाबायचं असतं, पार आत, तिथं खरंच हाड असल्यासारखं. पहिल्यांदा हे करताना मी अंगठे मध्येच मागं घेतले होते. आमचे सर म्हणायचे, भिऊन दाबलंस की डोळा मेलेल्या माशाचा होतो.

त्या डोक्यात जे कागदाचे बोळे भरले होते, ती अण्णांची पत्रकं होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. पाण्याच्या टाकीसाठी पत्रक, रेशनच्या किडक्या गव्हासाठी पत्रक, हुंड्याच्या लग्नात जेवू नका म्हणून पत्रक. ते शेवटचं वाटायला मी आणि नंदाताई लहानपणी मांडवाबाहेर उभ्या राहायचो, आणि वऱ्हाडी त्याच कागदावर बुंदी घेऊन खायचे. उरलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर पडून असायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या गठ्ठ्यांवर. त्यामुळं अजूनही एखादं वाक्य फार लांबलं की त्यात काहीतरी लपवलंय असा मला संशय येतो. माझं नाव समता ठेवलं, तेही पत्रकाच्या मथळ्यासारखंच. गावात कुणाशी भांडले की लोक म्हणायचे, मास्तर, तुमचं पत्रक आज लई तापलंय.

नंदाताई माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून मोठी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आत्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं आम्ही एकाच अंगणात वाढलो. तिला भूम तालुक्यात दिली होती. त्या वर्षी ती पंचमीला माहेरी आली ती मोडलेलं नाक घेऊन आली, आणि परत गेली नाही.

तिला का मारलं, हे मी इथं लिहिणार नाही. मला माहीत आहे. पण कारण लिहिलं की वाचणारा लगेच तराजू काढतो. एका पारड्यात कारण ठेवतो, दुसऱ्या पारड्यात नाक. ते वजन मला कुणाला करू द्यायचं नाही.

दवाखान्यात नवरा शेजारी उभा होता, तेव्हा डॉक्टरांना तिनंच सांगितलं होतं की हौदाच्या पायरीवरून पडले. तोंडातून एकदा निघालेलं ते वाक्य मग सगळ्यांनी उचललं. सासरी तर ते पाठच झालं. आमच्याकडंही ते वापरात आलं, कारण ते वाक्य बोललं की पुढचं काही बोलावं लागत नसे. आत्या शेजारणींना सांगायची, पायरी वली हुती. जणू सगळा गुन्हा पायरीचा.

आता लक्ष्म्यांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं भाद्रपदात घरोघर दोन लक्ष्म्या बसतात. वर्षभर त्यांचे मुखवटे फडक्यात गुंडाळून ट्रंकेत असतात. सणाला ते बाहेर निघतात, उभ्या सांगाड्यावर चढतात, साडी नेसतात. दोघींचे चेहरे अगदी सारखे. गोऱ्या, गुळगुळीत, टपोऱ्या डोळ्यांच्या, धारदार नाकाच्या. हे मुखवटे उंबऱ्याबाहेरून आत आणायचे असतात आणि ते घरच्या सुनेनं आणायचे असतात. कुंकवाच्या पावलांवरून ती येते, आतून कुणीतरी विचारतं कोण आलं, आणि ती म्हणते लक्ष्मी आली. सून घरात नसली की त्या दिवशी आख्खी गल्ली विचारते, सूनबाई दिसंना. म्हणून नांदत नसलेल्या सुनेला न्यायला माणसं नेमकी याच दिवसांत येतात. तिच्यासाठी कुणी येत नाही. लक्ष्म्या अडलेल्या असतात म्हणून येतात.

नंदाताईच्या सासरहूनही निरोप आला. सणाच्या आधी बसून मिटवू, पोरगी धाडा. आत्यानं तो निरोप अण्णांकडं आणला, कारण बाप नसलेल्या पोरीचा शब्द मामाच्या हातात. अण्णा म्हणाले, येऊ द्या. एकदा बघू. माणूस सुधारतो.

मी त्यांना त्यांचंच पत्रक म्हणून दाखवलं. मला ती सगळी पाठ होती. बायकोवर हात उचलणाऱ्याला गावानं पाणी देऊ नये, असं एकात छापलं होतं. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

“समे,” ते म्हणाले, “पत्रक वेगळं. पोरीचं घर वेगळं.”

त्या वाक्याइतका मार मला आजवर कुणी दिलेला नाही. मी अंगणात जाऊन मातीचा गोळा उचलला आणि दगडावर आपटत राहिले. शेजारच्या अंगणात उडीद बडवणाऱ्या बायका थांबून माझ्याकडं बघायला लागल्या, मग हसल्या आणि परत बडवायला लागल्या.

नंदाताईला बसवलं ते मी मागितलं म्हणून नव्हे. तीच म्हणाली, तुला कुणाचं तरी तोंड पाहिजे ना, माझं घे. माझं असंबी कोण घेतंय. आत्याच्या ओसरीवर दाराजवळ, जिथं उजेड एका बाजूनं येतो, तिथं ती स्टुलावर बसायची. दुपारची कामं उरकली की बसायची आणि दिवेलागणीला उठायची. घामानं तिची मान चिकट व्हायची. त्या दिवसांत पाऊस नव्हता, नुसता दमट उकाडा होता. माश्या माझ्या हातांवर, मातीवर आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर सारख्याच हक्कानं बसायच्या.

डोकं करताना आधी मोजावं लागतं. वाकड्या पायांचा एक लोखंडी चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्याची टोकं माणसाच्या चेहऱ्यावर टेकवायची आणि तेच अंतर मातीवर न्यायचं. कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मी चिमटा घेऊन हात उचलला की तिचे डोळे आपोआप मिटायचे आणि मान मागं जायची. मग ती स्वतःच हसायची, म्हणायची, थांब गं, सवय लागलीय टाळक्याला. पुढं पुढं मी हात खालून वर न्यायला लागले, हळू, कुत्र्याला हुंगू देतात तसा आधी तिला दाखवून.

डावा कान ते नाकाचा शेंडा आणि उजवा कान ते नाकाचा शेंडा, ही दोन अंतरं सारखी येत नव्हती. मी परत मोजलं. परत तेच. नाक मधोमध खचून तिच्या उजव्या गालाकडं झुकलं होतं. डाव्या डोळ्याखालचं हाड जरासं बसलं होतं. समोरून बघितलं तर नुसतं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, काय ते सांगता यायचं नाही. माणसं एकमेकांना समोरूनच बघतात. बाजूनं, वरून, हनुवटीच्या खालून बघायला माती करणाराच लागतो.

मी जे दिसलं ते केलं. मातीचं सरळ नाक आधी चढवलं, मग अंगठ्यानं मोडलं. मोडताना कळलं की जोर कुठून लागतो. डाव्या बाजूनं, जरासा वरून. माझा अंगठा त्या जागी आला आणि माझ्या हाताला कळलं, ही खूण पायरीची नाही, मुठीची आहे. तिला ते माहीतच होतं.

एका दुपारी तिनं उठून पहिल्यांदा डोक्याभोवती फेरी मारली. पाठीमागून बघितलं, बाजूनं बघितलं.

“ही मी हाय व्हय?”

मी म्हणाले, हो.

“कपाळ केवढं मोठं हाय माझं,” ती म्हणाली. “मग त्याच्यावर लिवलेलं सगळं कुटं गेलं?”

आम्ही दोघी हसलो. मग तिनं एक बोट मातीच्या नाकावर ठेवलं, त्या खचलेल्या जागी, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या नाकावर. तिचा श्वास तोंडातून चालला होता. नाकातून तो नीट जातच नव्हता. म्हणून ती रात्री भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

“आरशात हे असं दिसत न्हाय,” ती म्हणाली. “समे, हे सरळ नको करूस. कुणीबी म्हनलं तरी.”

कुणीही म्हणजे आत्या. आत्याला ते डोकं पहिल्या दिवसापासून खुपत होतं. गौरी-गणपतीच्या दिवसांत मोडक्या नाकाचं तोंड घरात ठेवू नये, असं तिचं म्हणणं. तडा गेलेली मूर्ती आपण पूजेला ठेवतो का? पाण्यात सोडतो. मी तिला म्हणाले, आत्या, ही मूर्ती नाही. आत्या मातीकडं न बघता म्हणाली, “डोळे हायत की तिला.”

मी फडकं पिळलं आणि परत डोक्याभोवती गुंडाळलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी आणि नंदाताई रानात गेलो होतो, राहिलेला उडीद उपटायला. डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, माती वाळू नये म्हणून. संध्याकाळी आलो तेव्हा फडकं तसंच ओलं होतं. मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुणे येणार होते, आणि मी अण्णांशी अजून बोलत नव्हते.

पाहुणे जीप करून आले. नवरा, म्हणजे प्रदीप. त्याचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत. आणि अशा वेळी नेहमी असतात ती दोन-तीन माणसं, जी कुणाचीच नसतात आणि सगळ्यांच्या वतीनं मान हलवतात. आत्यानं ओसरीवर सतरंजी टाकली. आत पुरण शिजत होतं, त्याचा गोड वास सगळीकडं भरला होता. जावयाच्या हातावर आत्यानं स्वतः तांब्यानं पाणी घातलं. त्यानं हात पुढं केला तेव्हा मी त्याचा हात बघितला. मला सवयच लागली होती बघण्याची. जाड बोटांचा, साधा, कष्टाचा हात. कुठंही काही लिहिलेलं नव्हतं.

बोलणं नेहमी जसं होतं तसंच झालं. आबांनी आधी पाऊसपाण्याचं विचारलं, उडदाचं विचारलं, मग घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच हेही म्हणाले. पोरगं तापट आहे पण मनानं वाईट नाही. शिवाय मारलं कुणी, पोरगी तर पडली होती, दवाखान्यात तिनंच सांगितलं. लक्ष्म्या तोंडावर आल्यात. चार लोक विचारतात. दारातून लक्ष्मी आत आणायची ती काय शेजारणीच्या हातानं आणायची? मान हलवणाऱ्यांनी मान हलवली. अण्णा सतरंजीच्या मधोमध बसले होते. त्यांनीही हळूच हलवली. ती मान मी बघितली. दाराआड गल्लीतल्या बायका दाटीनं उभ्या होत्या. नंदाताई चुलीजवळ होती.

तेवढ्यात आत्या उठली. तिला वाटलं असेल की पोरीचं काही चांगलंही पाहुण्यांपुढं यावं. माझी पोरगी कशी देखणी आहे, एका शिकलेल्या पोरीनं बसून तिचं तोंड केलं, असं काहीतरी. ती कोपऱ्यात गेली आणि तिनं डोक्यावरचं फडकं काढलं.

नाक सरळ होतं.

लक्ष्मीसारखं सरळ, धारदार. डोळ्याखालचं बसलेलं हाडही भरून काढलं होतं. आम्ही रानात असताना आत्यानं बोटाला पाणी लावून, आपल्याला जमेल तसं, लेकीचं नाक नीट केलं होतं. तिच्या अंगठ्याच्या रेषा मातीत अजून दिसत होत्या. लहान मुलीचं नाक तेल लावून रोज ओढतात, सरळ यावं म्हणून. अगदी तशाच रेषा.

आबांनी चष्मा सावरला, उठून जवळ गेले, आणि खरंच कौतुकानं म्हणाले की वा, हुबेहूब. मग ते सगळ्यांकडं वळले. “आता ह्ये तुमच्याच पोरीनं केलंय ना, मास्तर? नाक तर नीट हाय की. मग तक्रार कशाची चाललीय?”

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. तिला कळलं होतं की तिच्या बोटांनी काय केलं.

नंदाताई आतून आली. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. तिनं पाटासकट डोकं उचललं. ते फार जड असतं, मला एकटीला उचलत नाही. तिनं ते ओसरीच्या कडेला, पायरीच्या वर, आणून ठेवलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. सासरच्या वडीलधाऱ्या माणसांसमोर ती त्याच्याशी थेट बोलते आहे, हेच मुळात कुणी पूर्वी बघितलं नव्हतं.

“मी पडले म्हनता ना,” ती म्हणाली. “ही बी मीच हाय. पाडून दाखवा. कपाळ फुटू नये, हनुवटी फुटू नये, दात पडू नये. निस्तं नाक मोडू द्या. हीच पायरी समजा.”

आबा हसायला बघत होते. पोरी, खेळ लावलायस का, असं काहीसं म्हणाले. प्रदीप खाली बघत होता.

“दाखवा की,” ती म्हणाली. “डॉक्टरला सांगाय लावलं तवा तर लई घाई हुती.”

दाराआडून एक बाई फिसकन हसली. तेवढंच. कुणाची होती कोण जाणे, पण ते हसू सगळ्यांनी ऐकलं, आणि प्रदीपनं सगळ्यात आधी ऐकलं. तो उठला. मला वाटलं निघून जाईल. त्यानं मूठ वळली आणि मातीच्या तोंडावर मारली.

ओल्या मातीत मूठ बसते तेव्हा फटका वाजत नाही. एक दबका, ओला आवाज येतो, आणि मूठ काढताना चिखलातून पाय काढल्यासारखा दुसरा. खुंटी हलली, फुली आत कुठंतरी करकरली. पाट कडेपर्यंत सरकला पण पडला नाही.

नाक मोडलं होतं. मधोमध खचून, तिच्या उजव्या गालाकडं. डाव्या डोळ्याखालचं हाड बसलं होतं. मी जिथं मोजून केलं होतं तिथंच, त्याच उतारानं, फक्त माझ्यापेक्षा खोल. बोटांच्या चारही गाठी उठल्या होत्या. नंदाताई त्या डोक्याला लागूनच उभी होती आणि दारातला उजेड दोघींवर एकाच बाजूनं पडला होता. ओसरीवरचं प्रत्येक माणूस आधी मातीकडं, मग तिच्याकडं, मग परत मातीकडं बघत होतं.

प्रदीपचा हात चिखलानं भरला होता. तो हात अंगापासून लांब धरून उभा होता आणि हात धुवायला पाणी शोधत होता. आत्या सवयीनं तांब्याकडं वळली. एक पाऊल टाकलं आणि थांबली. तिनं तांब्या उचलला नाही.

“म्या सरळ केलं हुतं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की आधी कुणाला कळलंच नाही ती कुणाशी बोलते आहे. “काल म्या सरळ केलं हुतं. ह्यानं परत मोडलं.”

आबा म्हणाले, मातीचं काय घेऊन बसलाव. माती कुणीबी मोडंल. त्यांचं म्हणणं खरं होतं. कायद्यानं बघितलं तर तिथं काहीच सिद्ध झालं नव्हतं, हे मलाही कळतं. पण त्या मान हलवणाऱ्यांपैकी एकाचीही मान आता हलत नव्हती.

मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं आता ते बोलतील. इतकी वर्षं लिहिलेलं सगळं आता त्यांच्या तोंडातून येईल, आणि मी त्यातला प्रत्येक शब्द मनात तयार ठेवला होता. अण्णा सतरंजीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठले. डोक्याजवळ गेले, वाकून त्या चार गाठींच्या खुणा बघितल्या.

“नंदा येनार न्हाय,” ते म्हणाले. “तुमी जेवून जावा.”

एवढंच. त्यांच्या कुठल्याच पत्रकात इतकं छोटं वाक्य नाही. आणि मास्तरकीत कधी न बोललेली अणदूरची भाषा मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पाहुणे जेवले नाहीत. जीप निघाली तेव्हा प्रदीपनं हात जीपच्या पत्र्याला पुसला. ते सगळं पुरण मग गल्लीतल्या बायकांनी ओसरीवर बसून खाल्लं, आणि आत्या वाढताना रडत होती आणि आग्रहही करत होती.

नंदाताई म्हणाली, आता हे असंच ठेव. मी त्याला हात लावला नाही. माती जरा टणक झाल्यावर तारेनं टाळू कापून बाजूला केली, कारण भरीव डोकं भट्टीत टिकत नाही. आतून ओल्या मातीचे लपके ओरबाडून काढले. त्यांच्याबरोबर अण्णांची पत्रकं बाहेर आली, लगदा झालेली, एकही अक्षर न लागणारी. ती मी उकिरड्यावर टाकली. अण्णा बघत होते. मग टाळू परत चिकटवली, डोकं सावलीत वाळवलं आणि कुंभाराच्या भट्टीत भाजलं. मानेला एक चीर गेली, बाकी शाबूत निघालं. परीक्षेला आलेले सर त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, साम्य चांगलं आहे, पण नाकापाशी हात घसरलाय. मी म्हणाले, माझा नाही.

नंदाताई आता गावातलं दूध संकलन केंद्र चालवते. दुधात पाणी घालणाऱ्याला ती सगळ्यांसमोर कॅन परत देते, आणि तिच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. तिथंच फळीवर ते डोकं असतं, कारण आत्या ते घरात ठेवू देत नाही. खंडित ते खंडितच, म्हणते. नाकाचं ऑपरेशन ती करून घेणार आहे. श्वास घ्यायला, दिसायला नाही, असं डॉक्टरांना बजावून आलीय. कोर्टात तारखा चालू आहेत. मारणारा तारखेला येतो तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून येतो. मला अजूनही त्याचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

परवा आबांचा फोन आला होता. झालं गेलं, म्हणाले. पोराचा राग उतरलाय. लक्ष्म्या अडल्यात, यंदा तरी धाडा. नंदाताईनं एका हातानं माप धरून दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला होता.

“मग लक्ष्म्यांनाच धाडून द्या इकडं,” ती म्हणाली. “तितं त्यांचंबी काय खरं न्हाय.”

दुधाच्या रांगेतल्या बायका हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र तिनं मोजलेलं दूध परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. दर भाद्रपदात हा फोन येतो, आणि दर भाद्रपदात तिला नव्यानं नाही म्हणावं लागतं.

तिला नाही म्हणता येतं. सगळ्यांना येत नाही. सण तोंडावर आलाय. या आठवड्यात तुमच्याही गल्लीत कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडेल, जीप येईल, पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू होतील. तुम्हालाही बोलावतील, कारण तुम्ही चार लोकांत मान असलेले, वाचणारे. माझी विनंती आहे, जा. चहा घ्या. पण सतरंजीच्या मधोमध बसू नका. आत चुलीजवळ जी बसलेली असेल तिला बाहेर बोलवा, तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि तिचं बोलून होईपर्यंत दुसऱ्या कुणालाही तोंड उघडू देऊ नका.